सेवकाचा सोबती

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर मुरुड आणि हर्णै हीं दोन गांवें एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. मुरुड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. हर्णै ओळखलें जातें तें समोरच्या पाण्यांतील सुवर्णदुर्गामुळें आणि बंदरावरच्या मासळीच्या लिलावामुळें. परंतु सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं याच किनाऱ्यावर स्कॉटलंडांतून आलेले कांहीं तरुण मिशनरी मराठीचीं अक्षरें गिरवीत बसले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. त्यांनीं येथें किती माणसें आपल्या धर्मांत आणलीं, हा माझ्या भाषणाचा विषय नव्हे; त्या हिशेबानें पाहिलें तर त्यांचें येथील काम अल्पच ठरेल. त्यांच्यापैकीं एकाच्या आयुष्यांत मैत्रीनें काय केलें, तेवढें सांगून त्यावरून ख्रिस्ती सेवकांच्या मैत्रीविषयीं चार शब्द बोलावे, असा माझा हेतु आहे.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल हे १८२३ मध्यें मुंबई इलाख्यांत आले आणि त्याच वर्षीं वारले. मागाहून आलेल्या जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन आदि मंडळींनीं बाणकोट आणि हर्णै हीं ठाणीं धरून शाळा चालविल्या. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यांत होतें आणि पुढें दापोलीस फौजेची छावणी पडली होती. परक्या माणसास पाय ठेवावयास इतका आधार पुरेसा होता. मन ठेवावयास मात्र तो पुरेसा नव्हता. येथल्या आषाढांतला समुद्र ज्यानें पाहिला आहे, त्याला चार महिने गलबतांची वाट बंद होणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको.

१८२७ सालीं रॉबर्ट नेस्बिट हा चोवीस वर्षांचा तरुण या किनाऱ्यावर आला. तो एकटा आला असें दिसतें खरें; पण त्याच्या पाठीशीं पांच मित्र होते. सेंट अँड्र्यूज येथील विद्यापीठांत प्रोफेसर थॉमस चाल्मर्स हे १८२३ पासून नीतिशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं सहा जणांचा तेथें घनिष्ठ स्नेह जमला: जॉन अर्कहार्ट, जॉन अॅडम, रॉबर्ट नेस्बिट, अलेक्झांडर डफ, विल्यम सिंक्लेअर मॅके आणि डेव्हिड युअर्ट. हे विद्यार्थी एकत्र बसून वाचीत, प्रार्थना करीत, वाद घालीत आणि परदेशीं जाऊन सेवा करण्याच्या गोष्टी बोलत. तरुणपणीं अशा गोष्टी पुष्कळजण बोलतात. या सहांचें वेगळेपण इतकेंच कीं, त्यांच्यापैकीं पांच खरोखरच हिंदुस्थानांत आले. सहावा आला नाहीं, कारण तो मरण पावला.

तो सहावा म्हणजे अर्कहार्ट. १८२७ च्या जानेवारींत, अवघ्या अठराव्या वर्षीं तो गेला. परदेशीं जाण्याचा निश्चय आपल्या सोबत्यांपुढें त्यानें बोलून दाखविला होता. डफचे चरित्रकार सांगतात कीं, पुढें डफ घरीं गेला तेव्हां आईबापांनीं या मित्राची सहज विचारपूस केली. तो आतां नाहीं, असें सांगून डफनें त्यांनाच विचारलें कीं, त्याचा झगा तुमच्या मुलानें उचलला तर कसें? बायबल वाचणाऱ्यांस एलीयाचा झगा उचलणारा अलीशा येथें आठवेल. पण अलीशानें झगा उचलला तो गुरूचा. डफनें उचलला तो आपल्या बरोबरीच्या मित्राचा, आपल्याहून वयानें लहान असलेल्या मुलाचा. मला या दोहोंत मोठा फरक वाटतो. गुरूची आज्ञा आपण पुष्कळदां भीडेनें पाळतों. मित्राच्या अपुऱ्या राहिलेल्या कामास हात घालावयास भीड पुरत नाहीं.

डफ १८३० मध्यें कलकत्त्यास पोहोंचले. वाटेंत दोनदां त्यांचें जहाज फुटलें आणि बरोबर आणलेला ग्रंथसंग्रह समुद्रांत गेला. अॅडम त्यांच्या आधींच कलकत्त्यास आले होते. पण १८३१ मध्यें तेहि वारले. मॅके आणि युअर्ट मागाहून येऊन डफना मिळाले. म्हणजे चौघे बंगालच्या बाजूस, आणि नेस्बिट तेवढे एकटे कोंकणच्या बाजूस. मुंबई ते कलकत्ता हा आगगाडीचा मार्ग १८७० मध्यें पुरा झाला. तोंपर्यंत नेस्बिट हयात नव्हते. मधलें अंतर तोडावयास टपाल आणि जहाज यांवांचून दुसरें साधन नव्हतें. १८४० सालीं डफ विलायतेहून परततांना मुंबईस उतरले. तेराएक वर्षांपूर्वीं एका वर्गांतून उठलेले हे दोघे तरुण, एकमेकांच्या शहरांत येण्यास त्यांना एवढा काळ लागला.

आतां नेस्बिट यांची दुसरी मैत्री. ती या मातीवर जमली, म्हणून तिचें मला विशेष वाटतें. १८२९ च्या आरंभीं जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई मुंबईस आलीं. पुढें ज्यांच्या नांवानें मुंबईंत कॉलेज झालें तेच हे विल्सन. मराठी शिकण्यासाठीं तीं उभयतां कांहीं महिने हर्णैस येऊन राहिलीं. नेस्बिट तोंवर मराठींत बरेच पुढें गेले होते. त्यांच्या मराठी उच्चारांची त्यांच्या पिढीच्या मिशनऱ्यांत फार वाखाणणी होती. वयानें जवळजवळ बरोबरीचे, एकाच देशाचे आणि एकाच परक्या भाषेशीं झगडणारे असे हे दोघे येथें एकमेकांस भेटले. पुढें दोघेहि मुंबईस एकाच संस्थेंत शिकवीत राहिले. मार्गारेटबाई १८३५ मध्यें वारल्या. नंतर त्यांच्या दोघी भगिनी मुंबईस आल्या, आणि त्यांतील हे बेन यांचा नेस्बिट यांच्याशीं विवाह झाला. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर विल्सन आणि नेस्बिट साडू झाले. साडूचें नातें आपल्याकडे थट्टेचें आहे. या दोघांच्या बाबतींत मात्र तें दोन पुरलेल्या बायकांच्या आठवणीचें झालें, कारण हेबाईहि १८४८ मध्यें निवर्तल्या.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर हें चित्र फार गोड होईल. ज्या दोन मित्रांमध्यें नेस्बिट उभे होते, त्या दोघांचे मार्ग एक नव्हते. डफ यांचा सारा भर इंग्रजींतून उच्च शिक्षण देण्यावर होता, आणि त्यांच्या कलकत्त्याच्या शाळेची कीर्ति सर्वत्र पसरली होती. विल्सन मातृभाषांचे कैवारी होते. इंग्रजी शिकवावी, पण मराठी सोडून नव्हे, असें त्यांचें मत होतें. हा कांहीं लहान मतभेद नव्हे. पैसा कोठें खर्चावा, शिक्षक कोणते नेमावे, कोणाच्या मुलांसाठीं शाळा काढावी, हें सारें त्यावर अवलंबून असतें. अशा मतभेदावरून मंडळ्या फुटलेल्या आपण पाहिल्या आहेत. येथें तसें झालें नाहीं. १८४३ मध्यें स्कॉटलंडची मंडळी दुभंगली. मंडळीच्या कारभारांत जमीनदारांचा व सरकारचा हात असावा कीं नाहीं, हा वादाचा मुद्दा होता. तेव्हां त्या मंडळीचे हिंदुस्थानांतील सारे मिशनरी नव्या स्वतंत्र मंडळींत गेले: कलकत्त्यास डफ, मॅके आणि युअर्ट; मुंबईस विल्सन, नेस्बिट आणि मरे मिचेल. उभारलेल्या इमारती जुन्या मंडळीकडे राहिल्या. पगाराचीहि निश्चिती उरली नाहीं. इमारती गेल्या, पण शिकवणारे एकत्रच राहिले, म्हणून शाळा भाड्याच्या जागेंत पुन्हां उभ्या राहूं शकल्या.

१८५५ च्या जुलैंत नेस्बिट मुंबईंत पटकीनें वारले. अठ्ठावीस वर्षांची सेवा झाली होती. त्यांचे सहकारी मरे मिचेल, ज्यांनीं तुकारामांच्या अभंगांचा इंग्रजी वाचकांस परिचय करून दिला, त्यांनीं १८५८ मध्यें नेस्बिट यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. विल्सन आणखी वीस वर्षें जगले. नेस्बिट यांच्या हाताखालीं शिकलेल्यांपैकीं बाबा पदमनजी हे पुढें मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आद्य लेखक झाले, आणि नारायण शेषाद्रि जालन्याजवळ बेथेल वसविणारे झाले. मुरुड-हर्णैच्या वाळूंत आज या लोकांची खूण शोधावयास जाल तर हातीं फारसें लागणार नाहीं.

श्रोतेहो, हा इतिहास सांगण्याचें कारण जुन्या गोऱ्या मिशनऱ्यांचें कौतुक हें नव्हे. कारण आजच्या आपल्या पाळकांचें आहे. पाळकाचें काम असें चमत्कारिक आहे कीं, तो रात्रंदिवस माणसांत असतो आणि तरीहि एकाकी असतो. लग्नघरीं त्याला पहिलें बोलावणें, मर्तिकालाहि पहिलें बोलावणें. परंतु त्याच्या घरीं दुःख झालें तर कोणाकडे जावें, हा त्याला प्रश्न पडतो. मंडळींतील एखाद्या कुटुंबाशीं त्याची जरा अधिक जवळीक झाली कीं दुसरीं चार कुटुंबें कुजबुजूं लागतात. म्हणून जुनी वडीलधारी मंडळी नव्या पाळकास सांगत असत कीं, सर्वांशीं सारखें वाग आणि कोणाशीं मैत्री करूं नकोस. पहिला भाग योग्य आहे. दुसरा भाग मला नेहमींच घातक वाटला आहे. ज्याला मित्र नाहीं तो सर्वांशीं सारखा वागतो असें नाहीं. तो सर्वांपासून सारखा दूर राहतो.

आणि दूर राहिलेल्या माणसास त्याचें खरें रूप कोण दाखविणार? गोरा कुंभाराच्या घरची संतमेळ्याची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. गोरोबाकाकांनीं हातीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें, मडकें पक्कें कीं कच्चें. बाकीचे मुकाट्यानें बसले. नामदेव मात्र कुरकुरले, आणि त्यांनाच कच्चें मडकें ठरविलें गेलें. नामदेवांस तें लागलें. पण तेथूनच ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांच्या जीवनाला वळण मिळालें. हें थापटणें बाजारांत कोणी मारलें असतें तर तो अपमान झाला असता. सोबत्यांच्या घरांत मारलें गेलें, म्हणून तें औषध झालें. व्यासपीठावर उभा राहणाऱ्या माणसास, मग तो कीर्तनकार असो वा पाळक, टाळ्या देणारे पुष्कळ भेटतात आणि निंदकहि कमी भेटत नाहींत. थापटणें घेऊन जवळ बसणारा मात्र एखादाच असतो. तो बहुधा दीक्षेच्या आधींचा, वसतिगृहांतला, नापास झाल्यावर बरोबर चहा पिणारा असा असतो. त्याला आपल्या नांवामागील ‘रेव्हरंड’ दिसतच नाहीं; हाच त्याचा उपयोग.

मुरुडच्या श्रोत्यांस याचें उदाहरण ख्रिस्ती मंडळींतच शोधण्याची गरज नाहीं. १८९३ मध्यें कर्व्यांनीं एका विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या स्वतःच्या गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. ती विधवा म्हणजे गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी. आणि ती कर्व्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र देवरुखचे नरहरपंत जोशी यांची बहीण. मित्राच्या विचारांना मान डोलावणें सोपें. आपल्या घरचें माणूस त्याच्या हातीं सोंपविणें, तेंहि सारी जात उलटणार हें ठाऊक असतांना, ही निराळ्या तोलाची मैत्री होय.

स्वतः रमाबाईंचा स्नेह तर याहूनहि वादळी होता. इंग्लंडांत १८८३ मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हां सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. लगेच दोघींत सिद्धांतांवरून कडाक्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. रमाबाई कोणाचें ऐकून मान तुकविणाऱ्या नव्हेत, आणि जेराल्डिनबाई शिस्तीच्या. पत्रांत दोघींनीं एकमेकींस बोचणारे शब्द लिहिले आहेत. तरीहि रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांच्याकडे वाढली, पत्रें पुढें अनेक वर्षें चालू राहिलीं, आणि तीं जेराल्डिनबाईंनींच जपून ठेवलीं. १९७७ मध्यें तो पत्रव्यवहार पुस्तकरूपानें महाराष्ट्र राज्याच्या साहित्य-संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. भांडणाचीं पत्रें जपून ठेवावीशीं वाटणें, यालाहि मी मैत्रीच म्हणतों.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून सांगतों. पाळकांच्या बदल्यांविषयीं आपण बोलतों तेव्हां त्यांच्या पत्नींचा विचार फारसा करीत नाहीं. दर चार-पांच वर्षांनीं बंगला बदलतो. नव्या गांवीं पाळकास निदान काम असतें. बाईंस नव्या चुलीपुढें बसून नव्या शेजारणींचीं नांवें पाठ करावीं लागतात, आणि त्यांतील कोणापाशीं मन मोकळें करावें तर तें रविवारपर्यंत सर्वांच्या कानीं जातें. आपल्या मंडळ्यांनीं पाळकाच्या प्रवासखर्चाची तरतूद करतांना, बाईंनीं वर्षांतून एकदां आपल्या जुन्या मैत्रिणीकडे आठ दिवस जाऊन यावें, याचीहि तरतूद कां करूं नये? खर्च एस. टी. च्या तिकिटापेक्षां अधिक नाहीं.

कोणी म्हणतील, सेवकांची मैत्री म्हणजेच कंपू. आमच्या मंडळीचे खटले कोर्टांत गेले ते अशाच मित्रमंडळामुळें. हा आक्षेप खोटा नाहीं. पण कंपूची एक खूण आहे: त्यांत एकमेकांच्या चुका झांकण्याचा करार असतो. पौल आणि बर्णबा हे सोबती मार्कावरून भांडले. मार्क मागच्या प्रवासांत सोडून गेला होता. त्याला पुन्हां बरोबर घेऊं नये असें पौलाचें म्हणणें, आणि बर्णबा त्याला सोडावयास तयार नव्हता. दोघे वेगळे झाले, एक कुप्रास गेला, दुसरा सूरियांत. नव्या करारांत हें भांडण झांकलेलें नाहीं. पुढें कैदेंत पडलेला वृद्ध पौल तीमथ्यास लिहितो तेव्हां त्याच मार्काला घेऊन यावयास सांगतो. तो आपल्याला उपयोगी आहे, असें म्हणतो. बर्णबाचें म्हणणें खरें ठरलें होतें, आणि पौलानें तें लेखी दिलें.

मग अशी मैत्री टिकवावी कशी? सेंट अँड्र्यूजच्या त्या सहा जणांपाशीं आपल्यापेक्षां अधिक सवड होती असें नाहीं. त्यांच्यापाशीं वेळेवर पत्र लिहिण्याची शिस्त होती. आज चिपळूणच्या पाळकास नागपूरच्या सोबत्याचा आवाज क्षणांत ऐकूं येतो, आणि तरीहि सहा-सहा महिने दोघांचें बोलणें होत नाहीं. कारण प्रत्येक बोलावणाऱ्याचें काम ताबडतोब करावयाचें असतें, आणि मित्राचें काम कधींच ताबडतोबीचें नसतें. म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. धर्मशिक्षणाच्या शाळेंतून बाहेर पडतांना प्रत्येक तरुणानें दोन सोबत्यांशीं ठरवावें कीं, महिन्यांतून एक दिवस नेमून बोलावयाचें, वर्षांतून एकदां समक्ष भेटावयाचें, आणि त्या भेटींत मंडळीचें राजकारण अर्ध्या तासापेक्षां अधिक बोलावयाचें नाहीं. उरलेला वेळ प्रार्थनेस, पुस्तकास आणि जेवणास द्यावा. शेवटची गोष्ट मी थट्टेनें सांगत नाहीं. कोंकणांतल्या पाळकाकडे सोबती आला तर त्याला ताज्या मासळीचें कालवण मिळालेंच पाहिजे.

ज्यांची सेवानिवृत्ति जवळ आली आहे त्यांच्यासाठीं एकच गोष्ट. निवृत्तीच्या दिवशीं बंगल्याची किल्ली परत द्यावी लागते. निरोपसमारंभांत शाल मिळते, हार मिळतो, आणि पुढच्या रविवारीं आपल्या जागीं दुसरा उभा असतो. तें योग्यहि आहे. ज्या पत्रांत पौल मार्काला बोलावतो, त्याच पत्रांत तो तीमथ्यास आणखी दोन गोष्टी आणावयास सांगतो: त्रोवसांत राहिलेला झगा, आणि पुस्तकें. आणि हिवाळ्यापूर्वीं ये, असें लिहितो. तें लिहितांना त्याच्यापाशीं एकटा लूक होता. आपल्यापैकीं कोणास असें पत्र लिहितां येईल, त्याचें नांव आणि पत्ता आजच एका चिठ्ठीवर लिहून ठेवावा. आणि पुष्कळ दिवसांत त्याची खबर घेतली नसेल, तर ती पावसाळा लागण्यापूर्वीं घ्यावी.